सरपंचांची प्रार्थना-विनंती

आमच्या चर्चशेजारच्या खोलीत सालोमीबाई बालवाडी चालवत. माझा अडीच वर्षांचा योनाथान तिथे खेळे आणि मी घरी बसून काळजी करी. एकदा चोरांनी कुलूप तोडून पोरांच्या खिचडीचे तांदूळ नेले. खोली पंचायतीच्या जागेत होती आणि सरपंच तात्यासाहेबांना तिथे खताचं गोदाम हवं होतं. रविवारी भर उपासनेत ते येऊन उभे राहिले.

"ज्या देवाला स्वतःचं दार राखता येत नाही, तो पोरं काय राखणार? खरा असेल तर त्याला सांगा, संध्याकाळपर्यंत गावातला एकूण एक वाईट माणूस उचल. नाहीतर उद्या खोली रिकामी करा!"

संपलं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तो प्रश्न मलाही पडला होता.

सालोमीबाई म्हणाल्या, "सांगते की. पण आमच्यात रीत आहे, ज्याची विनंती त्याने पुढे येऊन गुडघे टेकायचे. मी तुमच्या डोक्यावर हात ठेवून मागते, 'प्रभू, ज्याने एकदा तरी वाईट केलंय त्या प्रत्येकाला आजच उचल.' या."

तात्यासाहेब दोन पावलं आले आणि थबकले.

"अहो बाई, लगेच आजच कशाला? माणसाला सुधारायला सवड नको का?"

"तीच सवड तो देतोय, तात्यासाहेब. तांदूळचोरालासुद्धा."

सगळं चर्च हसलं. शेवटी तात्यासाहेबही हसले.

"चालू द्या तुमची बालवाडी," म्हणाले.

मला मात्र हसायला जरा उशीर झाला. बाईंनी 'एकदा तरी' म्हणत हात उचलला तेव्हाच मी पोराला कडेवर घेऊन दार गाठलं होतं.