कासवाच्या पाठीवरचा कौल

एका राज्यात राजा रत्नकेतु दगड होऊन बसला. दारी आलेल्या मांत्रिकाचं त्यानं ऐकून घेतलं नाही. मांत्रिक म्हणाला, ऐकायचंच नाही तर दगड हो. झाला. लोक भिऊन नगर सोडून गेले. उरली राणी मेघवती, म्हातारा प्रधान आणि एक बोलकी साळुंकी. राणी दगडाशेजारी जेवायची, दगडाशेजारी निजायची. होता होता तिचीही बोटं दगडाची होऊ लागली.

साळुंकीनं सांगितलं, पूर्वेच्या डोंगरात कौल लावणारी आजी राहते, तिला विचारा. राणीनं प्रधानाला धाडलं. राण्यांची खोडच ती, तहानसुद्धा दासीनं ओळखायची. प्रधानानं आजीपुढं बसून बांबूच्या नळीतल्या काड्या खुळखुळवल्या. जी काडी बाहेर पडेल तो कौल. दुपार कलली तरी काडी पडेना. आजीनं नळी काढून घेतली आणि निरोप दिला, दुखणं जिचं तिनं यावं.

मग राणी साळुंकीला घेऊन पायी निघाली. डोंगर चढली. आजीनं चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे दिले, एका अंगानं सपाट, एका अंगानं फुगीर. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. राणीनं विचारलं, "राज्याला बरे दिवस येतील का?"

दोन्ही तुकडे उताणे पडून डुलू लागले.

"हसतायत," आजी म्हणाली. "हा दरबाराचा प्रश्न. दरबार आहे कुठं? तुझा प्रश्न काढ, बाई."

साळुंकी म्हणाली, "एवढं चालून भाषणच केलंत, राणीसाहेब."

शेवटी आजीनं कासवाचं कवच पुढं केलं. तापून जी भेग पडेल तो कौल. ते एकदाच तापतं, पुन्हा नाही. राणीचे हात मनगटापर्यंत दगड झाले होते. त्या हातांनीच तिनं कवच विस्तवावर धरलं. मग तिनं विचारलं,

"ते उठले, तर माझ्याशी दोन शब्द बोलतील का? आधीही बोलत नव्हते."

कवच तडकलं. भेग निघाली ती थेट राणीच्या दिशेनं.

"वाचा, आजी."

"मी विस्तव सांभाळते. वाचायचं विचारणारीनं."

राणी भेगेकडे बघत राहिली. मग उठली, तडक महालात आली, आणि तोच प्रश्न तिनं दगडाला विचारला. आजवर त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनंही नाही.

दगडाला पाझर फुटला. राजानं मान वर केली.

"बस," तो म्हणाला. "पाय सुजलेत तुझे."

राणीच्या बोटांत ऊब आली. नगारा वाजला, माणसं घरी परतली. राजा दारी आलेल्याचं ऐकून घेऊ लागला. विसरलाच कधी, तर साळुंकी होतीच.