धडधाकट गुडघा

एकदा एका शहाण्या म्हाताऱ्याने शहराच्या बसस्थानकातल्या बाकावर बसून आपल्या शिष्येच्या धडधाकट गुडघ्याला पट्टी बांधली आणि तो म्हणाला, "आता लंगड."

म्हातारा खो-खोचा प्रशिक्षक होता. तालुक्याच्या शाळेमागच्या मैदानावर त्याने पिढ्या घडवल्या, असे त्याच्या प्रत्येक सत्कारात सांगितले जाई. शहाणा हा शब्द गावाचा. आपण तूर्त तो मान्य करू. शिष्या नुकतीच बारावी झालेली. ती पळतीला उतरली की पाठलाग करणाऱ्या मुली नुसती हवा धरत. शहरातली दोन महाविद्यालये तिला मागत होती. शुल्क माफ, वसतिगृह मोफत, मोबदल्यात आमच्या संघातून खेळ, असा दोघांचाही प्रस्ताव. तिला रसायनशास्त्र शिकायचे होते. घरची परिस्थिती अशी की वसतिगृह मिळाले तर पदवी, नाही तर चुलत्याच्या कापडदुकानात गिऱ्हाईकांना ब्लाउजपीस दाखवत बसायचे. कोणाला होकार द्यायचा हे त्या दिवशी ठरायचे होते.

"अण्णा, मला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मग हे कशाला?"

"सांगतो तेवढं कर. डावा पाय टेकताना तोंड वाकडं कर. जास्त नको, तमाशा वाटेल."

मुलीला हे पटेना. पण पाचवीत असल्यापासून ती या माणसाचे ऐकत आली होती. त्याने पळ म्हटले की पळायचे, बस म्हटले की बसायचे, आणि कारण विचारायचे नाही. आपल्याकडे यालाच शिस्त म्हणतात. ती लंगडू लागली.

पहिले महाविद्यालय मोठे. प्रवेशद्वारावर विद्येच्या महतीचे संस्कृत वचन, आणि वचनाच्या दुप्पट आकाराची संस्थापकांची छबी. इथले क्रीडा संचालक मागच्या आठवड्यात स्वतः गाडी घेऊन मुलीच्या घरी येऊन गेले होते. वडिलांना शाल, आईला साडी, आणि निघताना मुलीच्या डोक्यावर हात. "ही आजपासून आमची मुलगी," असे ते म्हणाले तेव्हा वडिलांचे डोळे पाणावले होते. वडिलांचे डोळे शालीने लवकर पाणावतात.

संचालक व्हरांड्यातच सामोरे आले. "या, या. आमची विद्यापीठाची ट्रॉफी चालत आली बघा," असे म्हणता म्हणता त्यांची नजर खाली गेली.

"हे काय?"

"गुडघा," म्हातारा म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, वर्षभर मैदान नाही. नंतर बघू."

"अरेरे." संचालकांनी खुर्च्यांकडे हात केला, स्वतः मात्र बसले नाहीत. "आत काही फाटलं-बिटलंय का?"

"असेल. पण आपलं ठरलंय तसं ठरलंय ना?"

"प्रवेशाला कोण नाही म्हणतंय? मार्क आहेत, प्रवेश मिळेल. हॉस्टेलचं जरा असं आहे सर, खोल्या कमी आणि वरून दबाव. आता मुलीने आराम करावा. तब्येत महत्त्वाची. खेळ काय, आज आहे, उद्या नाही."

एवढे बोलून त्यांनी तिथेच, त्या दोघांच्या देखत, खिशातून फोन काढला. "हां, ऐक. ती सांगोल्याची पोरगी कुणी उचलली का? नाही ना? मग आजच गाडी पाठव. हो, शाल घे बरोबर." चहाचा ट्रे घेऊन एक शिपाई येत होता. फोन कानालाच लावून संचालकांनी त्याला मानेने शेजारच्या खोलीकडे वळवले.

मुलगी त्या ट्रेकडे बघत राहिली. फोनवरचे बोलणे तिने ऐकले होते, पण ते समजायला तिला व्हरांडा ओलांडून फाटकापर्यंत यावे लागले.

"अण्णा, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता."

"डोक्यावर कुठला, गुडघ्यावर ठेवला होता," म्हातारा म्हणाला. "पोरी, खेळाडू न्यायला येणारा प्रत्येक जण गोडच बोलतो. तो नेमकं काय न्यायला आलाय, हे त्याच्या बोलण्यातून कधी कळत नाही. ती वस्तू तुझ्याकडे उरली नाही असं त्याला दिसलं, की लगेच कळतं. त्याला मुलगी हवी होती म्हणे. मुलगी तर आली होती की समोर."

दृष्टांत इथे संपायला हरकत नव्हती. बहुतेक इथेच संपतात. शिष्य नमस्कार करतो, गुरू मंद हसतो आणि वाचक थंड झालेल्या चहाकडे वळतो. पण अजून एक महाविद्यालय बाकी होते, आणि म्हातारा स्वतःच्या युक्तीवर फार खूश होता.

मुलगी पट्टी सोडायला वाकली.

"राहू दे," तो म्हणाला. "तिकडेही बघू."

"नको ना अण्णा. लाज वाटते."

"चल."

दुसरे महाविद्यालय लहान. मैदान त्याहून लहान. तिथल्या प्रशिक्षिका चाळिशीच्या होत्या आणि हातात डबा घेऊन फक्कीने मैदानाच्या पांढऱ्या रेषा स्वतःच मारत होत्या. लंगडत येणारी मुलगी दिसताच त्यांनी डबा खाली ठेवला, तिला पायरीवर बसवले आणि स्वतः समोर मातीत बसल्या.

"कधी झालं?"

मुलीने म्हाताऱ्याकडे पाहिले.

"पंधरा दिवस झाले," म्हातारा म्हणाला.

"मी हिला विचारतेय, सर."

बाईंनी पट्टी सोडली. "इथे दुखतं? आणि इथे? पाय लांब कर. दुमड. आता मी ढकलते, तू जोर लाव." मुलीने जोर लावला तशा बाई मागे सरकल्या.

"सर, हा गुडघा माझ्या दोन्हींपेक्षा चांगला आहे."

म्हातारा हसला. "परीक्षा घेत होतो तुमची, मॅडम. पास झालात."

बाई हसल्या नाहीत. "माझी परीक्षा घ्यायची तर मला समोर बसवून घ्या. हिच्या पायाने कशाला घेता?" मग त्यांनी मुलीकडे पाहिले. "तू का लंगडलीस?"

"अण्णांनी सांगितलं."

"बरं. उद्या फायनलला तुझा गुडघा खरोखर सुटला, आणि मी म्हणाले, पट्टी आवळ आणि उतर, शेवटचा डाव आहे. तर?"

उत्तर मुलीला येत होते. ती उतरली असती. कारण विचारले नसते, दुखते म्हणाली नसती, वेडीवाकडी का होईना पण पळाली असती. हे आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा कळते आहे, आणि आत्ता, या पायरीवर कळते आहे, याने ती इतकी हादरली की तिने दोन्ही हातांनी पायरीची कड धरली.

म्हाताऱ्यालाही उत्तर येत होते. त्याचे हसू जागच्या जागी वाळले.

"माझ्याबरोबरच्या दोघी उतरल्या होत्या," बाई म्हणाल्या. "आज त्यांना जिना चढवत नाही. फार आज्ञाधारक मुली होत्या. आमच्या सरांनी सत्कारात नाव घेतलं त्यांचं." त्यांनी पट्टीची गुंडाळी करून म्हाताऱ्याच्या हातात दिली. "जागा आहे माझ्याकडे. पण 'अण्णांनी सांगितलं' असं सांगणारी मुलगी मी घेणार नाही, सर. मला भीती वाटते तिची. हिने स्वतः ठरवावं आणि स्वतः येऊन सांगावं. तुम्ही नाही, वडील नाहीत."

त्या उठल्या आणि पुन्हा रेषा मारू लागल्या.

दोघे फाटकापर्यंत आले. म्हाताऱ्याला बोलायचे होते, पण त्याच्यापाशी सांगण्याजोगी वाक्ये सगळी शिष्यांसाठीची होती. स्वतःसाठीचे एकही नव्हते. शेवटी तो म्हणाला, "चल. बस मिळेल आत्ता. घरी वडिलांशी बोलू, मग ठरवू."

मुलगी जागची हलली नाही.

"अण्णा, तुम्ही इथे थांबा."

एवढ्या वर्षांत तिने त्याला सांगितलेली ही पहिली गोष्ट. म्हातारा थांबला. ती मैदान ओलांडून बाईंपाशी गेली.

"मॅडम, माझा गुडघा खरंच गेला, तर हॉस्टेल राहील का?"

बाईंनी डबा सरळ धरला. "चालू वर्ष राहील, एवढं मी आत्ता सांगू शकते. पुढच्या वर्षांचं माझ्या हातात नाही."

"कुणाच्या हातात आहे?"

"प्राचार्यांच्या."

"मग त्यांना विचारायचंय मला. आणि केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल दुपारी असतं. सराव तेव्हाच असेल तर मी सरावाला येणार नाही."

"सराव सकाळी असतो," बाई म्हणाल्या. फक्कीने माखलेले हात त्यांनी ओढणीला पुसले. "चल, आहेत ते ऑफिसात. तूच विचार. मी नुसती उभी राहीन."

फाटकापाशी हे सगळे स्वच्छ ऐकू येत होते. बसस्थानकापासून केलेल्या साऱ्या उद्योगातून म्हाताऱ्याला जे शोधून काढायचे होते, ते एका वाक्यात विचारता येत होते. मोठ्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यातही येत होते. त्याला ते सुचले नाही. त्याच्या लहानपणी त्यालाही कुणी काही विचारू दिले नव्हते, आणि त्याने ती रीत न तपासता पुढे चालवली होती.

त्या दोघी इमारतीत दिसेनाशा झाल्या. रस्त्यावर गावाकडची बस आली, क्षणभर थांबली आणि निघून गेली. म्हातारा चढला नाही. त्याला थांबायला सांगितले होते.