निळ्या खुणेच्या बश्या

"बाई, ब्लीच कुठं ठेवलंय?"

"कशाला रे?"

"निळ्या खुणेच्या बश्या टाकायच्यात. मेल्यात जमा आहेत त्या."

शार्दूल बोंद्रे हा बाईंचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. हे बाईंपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक. डॉ. वत्सला बेडेकरांना अख्खी प्रयोगशाळा नुसतं बाई म्हणते.

काम भलतंच मजेचं. माणसाच्या आणि चिंपांझीच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना पुन्हा मूळपेशी करायचं, म्हणजे वाटेल ते होऊ शकतील इतकं कोवळं. मग त्यांतून काचेच्या बश्यांत मेंदूच्या पेशी वाढवायच्या. दोघांच्या जनुकांत फरक एवढासा, मग मेंदूत एवढं अंतर पडलं कुठून, ते शोधायचं.

बाईंचा नियम एकच. कोणती बशी कुणाची, ते विद्यार्थ्याला कळू द्यायचं नाही. नावावर त्या स्वतः काळी पट्टी चिकटवत आणि वर लाल किंवा निळी खूण करत.

उद्या कामाचा आढावा घ्यायला समिती बसणार होती. तिला निकाल पटला तर शार्दूलचं काम चालू राहणार, नाहीतर गुंडाळायचं.

"लाल बश्या बघा ना बाई. काय तरतरीत आहेत. फांद्या फुटल्यात, एकमेकींशी बोलायलाही लागल्यात. माणसाच्याच त्या, मी पैजेवर सांगतो."

"आणि निळ्या?"

"ढिम्म. खाणं तेच, ऊब तीच, तरी जागच्या हलत नाहीत. चिंपांझी झाला म्हणून इतका मठ्ठ नसतो. आपली लावणीच फसलीय. उद्या आलेखात ही शोभा कशाला?"

बाईंनी ब्लीचची बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली.

"ओत. फक्त आधी पट्टी काढ."

त्यानं नखानं पट्टी सोलली.

माणूस.

त्यानं लाल बशीची पट्टी काढली. चिंपांझी.

"बाई, तुमच्या खुणांची अदलाबदल झालीय."

"बाकीच्याही काढ."

तो भराभरा काढत सुटला. निळ्या सगळ्या माणसांच्या. आणि पट्टीखालच्या नोंदींवरून माणसंही निरनिराळी, कुणाचं कुणाशी नातं नाही. तरी सगळ्यांच्या पेशी सारख्याच रेंगाळलेल्या. मग लावणी फसली कशी म्हणायची?

शार्दूलनं बाटली खाली ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशींना बारीक बारीक कोंब फुटले होते.

"बाई... मेलेल्या नाहीत या. वाढतायत. पण किती सावकाश..."

"बघू." बाईंनी त्याला जवळजवळ ढकललंच.

"मी या ओतणार होतो, बाई. माझ्या हातानं." त्याच्या अंगावर काटा आला होता, आणि तरी तो हसत होता. "माणसाचा मेंदू सावकाश, म्हणून जास्त काळ घडत राहतो, अंतर इथंच पडत असेल! कोणतं जनुक यांना थोपवून धरतंय? चिंपांझीत ते का थोपवत नाही? आता हेच शोधायचं, दुसरं काही नाही."

"शोध की."

तो दारापर्यंत धावला, तिथूनच मागे फिरला. चेहरा पडला होता.

"पण उद्या समितीला निकाल हवाय. माझ्याकडे तर अर्धवट वाढलेल्या पेशी. काय सांगू त्यांना?"

बाईंनी निळ्या बश्या एकेक करून उबेच्या कपाटात परत ठेवल्या. दार हलकेच लावलं.

"सांग... माणूस अजून व्हायचाय."