डुकराच्या जागेवरून

“मग त्याला कळतं कशावरून, आप्पा?”

विक्रांत इंगवलेने हे तिसऱ्यांदा विचारलं. सिद्धाप्पा लोहाराची कानस काही थांबली नाही.

भात्याशेजारी, पोत्यावर, विक्रांतच्या आजोबांची, चापाखालची लिव्हर ओढून भरायची रायफल ठेवलेली होती. आजऱ्याच्या वर, रानाला खेटून वसलेल्या त्या गावात बंदुकीच्या पोटातलं समजणारा म्हातारा एवढा एकच. त्याचा बाप संस्थानच्या शिलेखान्यात बंदुका दुरुस्त करायला होता. आप्पा त्याच्याच हाताखाली शिकला होता.

“वारा त्याच्याकडून माझ्याकडे येत होता. मी हललो नाही. चाळीस पावलांवर होतं, पाठमोरं. चापावर बोट ठेवलं... आणि त्यानं मान उचलून सरळ माझ्याकडं बघितलं. पळालं नाही, आप्पा. निघून गेलं. सावकाश. तीन पहाटा हेच चाललंय.”

“बरं.”

“बरं काय? दोष बंदुकीत आहे. लिव्हर वाजते, कड्या वाजतात. तुम्ही आवाज काढून टाका, बाकीचं माझ्यावर सोडा.”

त्याच्यावर सोडावं असा तो होताही. नेमबाजीची राज्याची दोन सुवर्णपदकं घरी भिंतीवर होती. म्हणून तर त्या एकांड्या सुळेवाल्या डुकरानं त्याच्या सरूवहिनीची मांडी भुईमुगाच्या शेतात उभी फाडली, तेव्हा गाव त्याच्या तोंडाकडं बघू लागलं. वहिनी कोल्हापूरला दवाखान्यात होती. पाय राहील की जाईल, ते डॉक्टर अजून सांगत नव्हते. गावातल्या बायका त्या बाजूला फिरकत नव्हत्या आणि काढणीला आलेल्या शेंगांना मातीतच मोड फुटत होते. वनखात्यानं दहा दिवसांची लेखी परवानगी दिली होती. त्यातले आठ गेले होते.

आप्पानं रायफल मांडीवर घेतली. लिव्हर खाली ओढली, वर घेतली. कान लावून ऐकलं. पुन्हा ओढली.

दिवसभर तो काम करत राहिला. लिव्हरच्या कडीला त्यानं चामड्याची मऊ वादी गुंडाळली. पट्ट्याच्या कड्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे घट्ट बांधले. चाप थोडा हलका केला. नेम धरायची पुढची माशी झिजली होती, तिथं पितळेची नवी बसवली, कमी उजेडातही दिसेल अशी. काडतुसं चपट्या नाकाची आहेत ना, ते एकेक हातात घेऊन बघितलं; नळीखालच्या नळकांड्यात ती एकामागं एक बसतात, टोकदार असतील तर एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला लागून घात व्हायचा.

दिवस मावळायच्या आत दोघे जुन्या खाणीत गेले. विक्रांतनं चाळीस पावलांवरून पाच गोळ्या टाकल्या. पाचही करवंटीएवढ्या जागेत लागल्या. लिव्हरचा आवाज त्याचा त्यालासुद्धा ऐकू आला नाही.

“झाली सेट?” तो हसून म्हणाला.

“बंदूक झाली.”

“मग राहिलं काय?”

आप्पानं निशाणाकडं बघितलंच नव्हतं. तो विक्रांतकडं बघत होता.

“डुकराच्या जागेवर कधी बसलायस?”

विक्रांतला हसू आलं. म्हातारा हसत नाही म्हटल्यावर ते आपोआप विरलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या सुमाराला दोघे शेतात आले. बांधावर विक्रांतचा बांबूचा माळा होता. माळ्यासमोर चाळीस पावलांवर, ओढ्याच्या कडेला, डुकरानं लोळून लोळून केलेला चिखलाचा खड्डा होता.

आप्पा शिडीवरून माळ्यावर चढला. रेतीच्या पिशवीवर रायफल टेकवली, नळीचं तोंड खड्ड्याकडं केलं. मग विक्रांतला वर बोलावून घेतलं. त्याच्यादेखत सगळी काडतुसं काढली. एक स्क्रू सोडवून लिव्हर बाहेर काढली, पाठोपाठ बोल्टही ओढला. दोन्ही आपल्या कोपरीच्या खिशात टाकली.

“आता ही नुसती नळी. भ्यायचं कारण न्हाई.”

“मी कशाला भिऊ?”

“मग जा. मी हाक मारंपर्यंत उठू नको.”

विक्रांत चिखलात जाऊन बसला. आप्पा त्याच्या डाव्या हाताला, ओढ्यापलीकडच्या जांभळाखाली बसला आणि पानाची चंची सोडली. तो तिथून सबंध वेळ दिसत होता.

पहिला तासभर विक्रांतला नुसता राग येत राहिला. चिखल विजारीत शिरला, गोमाश्या मानेवर बसल्या. उग्र वास तर डोक्यात जात होता. त्याला वाटलं, परवानगीचा आज शेवटचा दिवस आणि मी इथं कसला खेळ करतोय?

मग ऊन डोक्यावर आलं, आणि कधीतरी पाखरं गप्प झाली.

ओढ्याचं पाणी वाहताना दिसत होतं, पण त्याचाही आवाज येईना. विक्रांतनं वर बघितलं. माळ्याच्या काठावर नळीचं तोंड दिसत होतं. काळा, गोल, वाटाण्याएवढा ठिपका.

तो ठिपका त्याच्याकडं बघत होता.

तो दोन हात डावीकडं सरकला. ठिपका तसाच, गोलच्या गोल. नळी तिरकी दिसायला हवी होती... दिसली नाही. तो उजवीकडं सरकला.

ठिपका गोलच.

माळ्याचा बांबू करकरला, वर पडलेल्या कुणीतरी कूस बदलावी तसा.

विक्रांतनं जांभळाकडं बघितलं. आप्पा तिथंच होता, पानाला चुना लावत.

मग त्याला लिव्हर ऐकू आली. खाली... वर. वादी गुंडाळलेली, तेल घातलेली, चाळीस पावलांवरून ऐकू येणं शक्य नाही अशी. पण ती त्याला कानानं ऐकू आलीच नाही. ती त्याच्या मणक्यातून वर चढली. त्यामागून श्वास. एक लांब श्वास आत घेतला गेला, अर्धा सोडला गेला, आणि तिथंच धरून ठेवला गेला.

गेली सोळा वर्षं, प्रत्येक गोळीच्या आधी, विक्रांत हाच श्वास घेत आला होता.

त्याच्या उजव्या कानामागं, मान जिथं सुरू होते तिथं, एक जागा गार पडली. नेमकी एवढीशी जागा. तिथं काय येणार आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण डुकराची तीच जागा त्यानं तीन पहाटा धरली होती. त्याला ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही.

त्यानं मान उचलून सरळ माळ्याकडं बघितलं.

मग तो उठला. धावला नाही. झुडपांतून वाट काढत, सावकाश, ओढा ओलांडून जांभळाखाली येऊन उभा राहिला. त्याला हाक कुणी मारली नव्हती.

“लिव्हर वाजली,” तो म्हणाला.

आप्पानं खिशात हात घातला. लिव्हर आणि बोल्ट काढून त्याच्या चिखलानं भरलेल्या तळहातावर ठेवले. अंगाच्या उबेनं ते कोमट झालेले होते.

“वर कोण होतं, आप्पा?”

“वळखीचा वाटला?”

विक्रांतचे दात एकमेकांवर आपटत होते, भर दुपारी.

“लई राग हाय वरच्याला,” आप्पा म्हणाला. “इतका राग वाऱ्यानं सांगावा लागत न्हाई.”

दुपारभर दोघे तिथंच बसून राहिले. विक्रांतला भूक लागली नाही. त्याला वहिनी आठवली, तिच्या चपला शेतात पडल्या होत्या त्या आठवल्या, पण त्या आठवणीला रोजची धार नव्हती. उन्हं उतरली तसा आप्पा उठला. माळ्यावर जाऊन त्यानं रायफल जोडून दिली, तीन काडतुसं भरली आणि विक्रांतच्या मागं, बांबूला पाठ टेकून बसला.

ऊन पिवळं पडलं असताना डुक्कर आलं.

भुईमुगातून आलं, काळं, म्हशीच्या पारड्याएवढं. ओढ्याशी थांबून त्यानं नाक वर धरलं. मग ते खड्ड्यात उतरलं. विक्रांत जिथं बसला होता तिथं चिखलात त्याच्या बुडाचा आणि तळव्यांचा ठसा तसाच होता. डुकरानं तो हुंगला. बराच वेळ हुंगत राहिलं... आणि पाय दुमडून नेमकं त्याच ठशावर बसलं.

विक्रांतनं लिव्हर ओढली. पितळेची माशी डुकराच्या कानामागं टेकली. लांब श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, धरायचा, यातलं त्याला काहीच आठवलं नाही. त्याचा स्वतःचा कानामागचा भाग गार पडला होता. डुक्कर आता मान उचलेल, अशी तो वाट बघत राहिला.

त्यानं मान उचलली नाही.

गोळी सुटली. डुकराचे मागचे पाय दोनदा चिखलात घासले. मग सगळं थांबलं. रानात कुठंतरी एक टिटवी ओरडत गेली.

विक्रांतला आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. उद्या बायका शेंगा काढायला येतील, एवढंच त्याच्या मनात आलं. हात मात्र मानेवर गेला होता. कानामागं काही ओलं लागतंय का, ते तो चाचपत होता.

“आज त्यानं बघितलं नाही,” तो म्हणाला.

“न्हाई.”

“का, आप्पा? तीच बंदूक. तोच माळा. मी तर इथंच होतो.”

आप्पानं त्याच्या हातातून रायफल काढून घेतली. लिव्हर खाली केली. रिकामी पुंगळी बाहेर पडली आणि बांबूंच्या फटीतून खाली गेली.

“हितंच व्हतास?”

“मग? इथंच तर होतो...”

म्हाताऱ्यानं ओढ्याकाठच्या चिखलाकडं बोट केलं.

“तर मग खाली जा, आन् तिथं कोण पडलंय ते बघून ये.”