जिलबीची शिकार

दंडपाल राजाला लढाई हवी होती, आणि कारण काय म्हणाल, तर जिलबी! समुद्रापलीकडच्या शंखबेटाच्या राजाने लेकीच्या लग्नात पहिली जिलबी दुसऱ्याच पाहुण्याला वाढली. दंडपालाच्या पानाशी येईतो परात रिकामी! झालं. फुरंगटून घरी आला आणि गरजला, "बेट बेचिराख करतो!"

पण त्या राज्याची जुनी रीत होती. सभेने होकार दिल्याशिवाय राजाला लढाई करता येत नसे. सभेचे म्हातारे मुखिया आबाजी म्हणाले, "जिलबीपायी माणसं मारायची? जमणार नाही!"

राजा धुमसला, आणि दुसऱ्या दिवशी मिशीवर ताव देत दरबारात आला.

"लढाई कोण करतंय? मी शिकारीला चाललोय. त्या बेटावर! सोबत पाच हजार शिपाई. शिकारीला सभेचा होकार लागतो का?"

"महाराज, ही लढाईच आहे हो!"

"असं? मग माझ्या तोंडून तसं वदवून दाखवा! गलबतं सुटायच्या आत वदवलंत तर फौज परत. नाहीतर तोंड मिटून बसा!"

सभा बसली तोंड मिटून. आता राजाच्या तोंडात कोण शब्द घालणार?

शिकार म्हटल्यावर हाकारे आलेच, रानात ढोल बडवून जनावर उठवणारे. त्यांचा नाईक धाकलू, त्यालाही हुकूम सुटला. त्याची बायको हौसा पोटुशी होती. पोर जन्मायच्या आधीच बाप मरायला निघालेला! तिचं डोकंच फिरलं. पदर खोचून ती थेट दरबारात शिरली.

"महाराज, मचाण कुठं बांधायचं?"

"मचाण? कशाला?"

"अगं बाई! शिकार म्हणजे मचाण नको? बेटाच्या मधोमध बांधू. वर तुम्ही एकटे."

"एकटा?"

"राजाच्या मचाणावर दुसरं कोण चढतं? मग आमचे हाकारे चहूकडून ढोल बडवणार आणि बेटावरची सगळी फौज तुमच्याकडे हाकलणार."

"माझ्याकडे?"

"मग काय आबाजींकडे? शिकार कुणाची आहे?"

राजाने घाम पुसला. "पण माझे शिपाई असतील की!"

"असतील ना. लांब, झाडाआड, चिडीचूप. पहिला वार राजाचा! तोवर कुणी हत्यार उचलायचं नाही. मागच्या खेपेला तुमच्याआधी डुकराला भाला मारला, म्हणून सख्ख्या मेहुण्याला कोठडीत टाकलंत. विसरलात?"

मेहुणा मागच्या रांगेत होता. तो खोकला.

"आणि बेटावरचे भालेवाले एकदम चालून आले तर?" राजाने विचारलं.

"येतीलच! मी नवऱ्याला बजावलंय, एकही दुसरीकडे सटकता कामा नये."

"मचाण... जरा उंच बांध."

"बांधते की. पण खालून आग लावली तर उडी मारता येईल ना महाराज? तुमचं पोट बघून विचारलं."

"अगं ए बये!" राजा ताडकन उठला. "माणसं भाले घेऊन अंगावर येणार, आग लावणार, ही काय शिकार झाली? लढाई आहे ही, लढाई!"

आबाजींनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात महाराज? मला जरा कमी ऐकू येतं."

राजाचं तोंड उघडंच राहिलं. मग पोट हललं, मिशी हलली, आणि तो असा हसत सुटला की मुकुट घरंगळून मेहुण्याच्या पायाशी गेला.

"धाकलूला घरी धाडा! गलबतं रिकामी करा! बोल पोरी, काय हवं?"

"फौजेसाठी भरलेलं तूप, साखर, मैदा उतरवा आणि गावाला जिलब्या घाला."

"कबूल! पण पहिली जिलबी माझी!"

"छे! पहिला वार राजाचा," हौसाने पोटावर हात ठेवला, "पण पहिला घास पोटुशीचा. रीतच आहे!"

आणि पहिली जिलबी राजाने, हसत हसत, स्वतःच्या हाताने तिच्या पानात वाढली.