नगाऱ्याच्या भाषेतला एक शब्द

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध आचार्यांना मोठ्या अभिमानाने डोंगरावर घेऊन गेला. तिथल्या टेहळ्याला वरून येणारे नदीचे पाणी दिसे. डोंगराआड बांध होता, त्याच्या दारापाशी राखणदार असे, आणि बांधाखाली गाव. दार कमी उघडले तर बांध फुटणार, जास्त उघडले तर गावात पाणी शिरणार. टेहळ्या आणि राखणदार एकमेकांना दिसत नसत, म्हणून शिष्याने त्यांच्यासाठी नगाऱ्याची भाषा रचली होती. दोन ठोके म्हणजे ‘दार आणखी एक हात उचल.’ दार उचलून झाले, की राखणदाराने आपल्या नगाऱ्यावर तेच ठोके परत द्यायचे.

उन्हाळ्याचे दिवस, वारा पडलेला. चाचणी झकास पार पडली. इतक्यात आचार्यांनी टेहळ्याच्या हातून टिपरी घेतली आणि तेच दोन ठोके पुन्हा वाजवले. मग पुन्हा एकदा.

थोड्या वेळाने खालून एक बाई तावातावाने वर आली. “कोण बडवतंय ते नगारं? धुवायला नेलेली माझी लुगडी वाहून गेली की.”

शिष्य ओशाळला, आणि रागावलाही. “आचार्य, एकदा दिलेली आज्ञा तुम्ही आणखी दोनदा का दिलीत?”

“उत्तर ऐकूच आले नाही, असे मी धरून चाललो. आषाढात वारा सुटला की तुलाही ते येणार नाही. तेव्हा तू काय समजशील? निरोप पोहोचलाच नाही, की पोहोचला आणि उत्तर वाटेत विरले?”

शिष्याने दोन्ही शक्यता मनात ताडून पाहिल्या. काहीही घडले असले, तरी डोंगरावर शांतताच ऐकू येणार होती.

“मग हे ओळखायचे कसे?”

“इथे उभे राहून ते ओळखता येत नाही. या वयातही मला त्याचे नवल वाटते. वारा आपल्या हातात नाही, भाषा आहे. तिच्यातून ‘आणखी’ हा शब्दच काढून टाक. दारावर खुणा कर, आणि ‘दार दुसऱ्या खुणेवर ठेव’ असेच सांगता येऊ दे. मग दहादा सांगितलेस तरी गाव बुडणार नाही.”

आषाढात नदी फुगली तेव्हा शिष्य स्वतः नगाऱ्यापाशी होता. उत्तर येईना. हात सोलवटले तरी तो एकच निरोप वाजवत राहिला, आणि पाणी ओसरताच खाली धावला. दार दुसऱ्या खुणेवर होते. गावात चुली पेटल्या होत्या.

“तुमचे सगळे ठोके ऐकले,” राखणदार म्हणाला. “दर वेळी उत्तरही दिलं.”

शिष्याला त्यातले एकही ऐकू आले नव्हते. तो बांधावरच हात जोडून बसला.

दूरदूरच्या संगणकांमध्येही निरोप आणि उत्तरे अशीच वाटेत विरतात; त्या संगणकांनी एकदिलाने काम करावे म्हणून जे आज नव्या भाषा घडवतात, त्यांनीही आधी असेच थोडा वेळ बसावे.