रानकोंबडीची सात पिल्ले

पूर्वी वेत्रवतीच्या काठी कुंडिन नगरात महीसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका माग काढणाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सुनेत्र. राजाच्या रानात कुठल्या जाळीत कोणते जनावर दडले आहे ते हेरून शिकाऱ्यांना दाखवणे, हे त्यांचे पिढीजात काम. आईबाप लवकर गेले, तेव्हा सुनेत्राने धाकट्या भावाला, उपलला वाढवले, रान वाचायला शिकवले आणि त्याचे लग्नही लावून दिले.

वैशाख नुकताच लागला होता. एका सकाळी दोघे भाऊ कोरड्या नाल्याच्या कडेने चालले असताना सुनेत्र थबकला. धुळीत रानकोंबडीने अंग घोळल्याचा खळगा होता आणि भोवती नखाएवढ्या पावलांचे ठसे. थोड्याच वेळात करवंदीच्या जाळीतून कोंबडी बाहेर आली. तिच्यामागे सात पिल्ले होती, वाळक्या पानांच्या रंगाची. माणसांची चाहूल लागताच तिने घशातल्या घशात एक बारीक आवाज केला. सातही पिल्ले जिथल्या तिथे दबली आणि पाचोळ्यात मिसळून गेली. सुनेत्राचे मन भरून आले. भावाचा हात धरून तो पाऊल न वाजवता मागे फिरला.

त्याच आठवड्यात शेजारच्या राज्याचा राजपुत्र पाहुणा म्हणून आला. त्याला शिकारीचे वेड होते. चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत रानात बाण सोडायचा नाही, असा जुना नेम होता. पण पाहुण्याचे मन मोडायला राजा तयार नव्हता. मोठी जनावरे पाण्याच्या शोधात दूर गेलेली. निदान रानकोंबडी तरी दाखव, असे सांगायला शिकारखात्याचा अधिकारी कालक सुनेत्राच्या दारी आला. रानात कोंबडी पाहिलीस का, असे त्याने विचारले.

"पाहिली आहे," सुनेत्र म्हणाला. "पण दाखवणार नाही. तिच्यामागे पिल्ले आहेत."

नाही पाहिली म्हटले असते तर कालक निघून गेला असता. पण खोटे सुनेत्राच्या तोंडून निघत नसे. सूर्य मावळायच्या आत राज्याची हद्द सोड, अशी आज्ञा कालकाने त्याला दिली. मग तो उपलकडे वळला. तू दाखव, नाहीतर बायकोला घेऊन भावाबरोबर चालू लाग, असे त्याने बजावले. उपलच्या बायकोला नववा महिना लागला होता. उपलने एकदा भावाकडे पाहिले, मान खाली घातली आणि शिकाऱ्यांच्या पुढे चालू लागला.

सुनेत्राने त्याला अडवले नाही. गाठोडे बांधून तो निघाला. हद्दीकडची वाट नाल्यावरूनच जात होती. तो तिथे पोहोचला तेव्हा शिकारी परतले होते. कोंबडी वाटेतच पडली होती. पंख मोडल्यासारखी लंगडत ती त्यांना जाळीपासून दूर घेऊन गेली होती, हे धुळीतल्या फरपटीवरून त्याला कळले. राजपुत्राने तिला मारले, हातात घेऊन पाहिले आणि टाकून दिले. अंडी उबवून तिच्या अंगावर हाडांखेरीज काही उरले नव्हते.

सुनेत्र जाळीजवळ गेला. पिल्ले अजून तशीच दबून होती. हलू नका, असे आईने सांगितले होते; आता या, असे सांगायला ती राहिली नव्हती. ऊन चढत होते. दोन पिल्ले बसल्या जागीच मेली होती.

कोंबडीची साद त्याला हुबेहूब येत असे. शिकारी त्या सादेने पाखरांना फसवतात, म्हणून त्याने ती कधी काढली नव्हती. आज तो पाचोळ्यात पालथा झाला आणि त्याने ती साद घातली. पहिल्यांदा कुणी हलले नाही. त्याने पुन्हा साद घातली. मग एकेक करून पाच पिल्ले आली आणि त्याच्या छातीखाली शिरली.

ती पिल्ले उचलून तो हद्दीपलीकडे गेला. तिथे एका ओढ्याकाठी राहिला, वारुळे फोडून त्यांना वाळवी चारू लागला, उन्हात उपरण्याची सावली धरू लागला. तरीही आणखी दोन दगावली. त्यांना पुरताना तो आपल्या माणसासाठी रडावे तसा रडला.

बारा दिवसांनी उपल शोधत आला. मुलगी झाली होती. तो दूरच उभा राहिला.

"दादा, ती लंगडत आली तेव्हा ते सोंग आहे हे मला ठाऊक होते," तो म्हणाला. "तूच शिकवले होतेस. मी बोललो असतो तर ते तिला सोडून जाळीकडे फिरले असते, पण मग त्यांनी पिल्ले मागितली असती. मी गप्प राहिलो. चांगले केले की वाईट, अजून कळत नाही."

 सुनेत्राने एक पिल्लू भावाच्या ओंजळीत ठेवले.

"याला पाणी पाज," तो म्हणाला. "चोच बुडू देऊ नकोस."

उपलने पाणी पाजले.  दिवस कलताना तो घरी परतला. त्यानंतर भावांची भेट झाली नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी तिन्ही पिल्ले उडून फांदीवर बसू लागली, तेव्हा सुनेत्र तिथून निघून गेला.

आपल्या हातून घडलेल्या जुन्या अपराधाने झुरणाऱ्या एका भिक्षूला संघाच्या गुरूंनी, शास्त्यांनी ही कथा सांगितली. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा उपल तूच होतास. ती कोंबडी आज भिक्षुणीसंघात आहे, आणि तुला ती ओळखत नाही. कालक आणि तो राजपुत्र अजून जन्ममरणाच्या फेऱ्यात भटकत आहेत. आणि सुनेत्र मी होतो. त्या जन्मी मी चार पिल्लांना वाचवू शकलो नाही. जी उरली त्यांच्यापाशी राहिलो, एवढीच माझी करुणा."